मुक्काम पोस्ट गाडी

मुलुंड पूर्वेच्या आमच्या गल्लीत सध्या राहत्या इमारतींपेक्षा हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या इमारतीच जास्त दिसतात. आमचीही त्यातलीच एक. पुनर्विकासाचा करार झाला, बिल्डरने भाड्याचे धनादेश हातात ठेवले, सामान हलवायचे पैसे वेगळे दिले आणि वर्षानुवर्षांचे शेजारी महिन्याभरात ठाणे, ऐरोली, भांडुप, डोंबिवली असे पांगले. जो तो भाड्याच्या टू-बीएचकेच्या मागे. आम्ही गाडी घेतली.

गाडी म्हणजे फोर्सची ट्रॅव्हलर, सेकंडहँड. आमच्या ह्यांचा मूळ बेत वेगळा होता. त्यांचं सगळं आयुष्य एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात, मशीन शॉपमध्ये गेलेलं. जुनी स्टाफ बस घ्यायची, सीट काढायच्या आणि पलंग, ओटा, कपाटं स्वतःच ठोकायची, असं त्यांनी कागदावर मापांसकट काढलं होतं. आरटीओची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी तो बेत चहा संपायच्या आत मोडीत काढला. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीत जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलंय. मग आधीच ‘मोटर कॅरॅव्हॅन’ म्हणून नोंदलेली गाडी शोधली. नियमांत तिची व्याख्या आहे: बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय (बसायच्या जागेचाच पलंग झाला तरी चालेल), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायला जागा. ह्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा मी म्हटलं, हे तर लग्नानंतरच्या आपल्या भांडुपच्या खोलीचं वर्णन झालं. तिला चाकं तेवढी नव्हती.

ठरलं ते असं. फराळाचे डबे रिकामे झाले की गाडीत, होळी झाली की मुलाकडे घाटकोपरला. मार्चनंतर पत्र्याच्या छपराखाली दुपार काढणं म्हणजे शिक्षा, आणि जूननंतर मुंबईच्या रस्त्यावर गाडीत राहणं हा शुद्ध वेडेपणा. तेव्हा आमचा संसार हंगामी. जावेने ऐकलं आणि म्हणाली, “विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, पण या वयात?” या वयातच, कारण याआधी शाळेची घंटा सोडत नव्हती. मी मराठी माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवत होते. सनावळ्या अजून डोक्यात आहेत, त्या या लेखात मधूनमधून डोकावल्या तर चालवून घ्या.

गाडीतलं राहणं लोकांना वाटतं तितकं अवघडही नाही आणि चित्रफितींत दिसतं तितकं देखणंही नाही. सगळं पाण्यापासून सुरू होतं. टाकी भरलेली असली की आपण श्रीमंत, अर्धी झाली की कंजूष. भांडी आधी पुसायची, मग धुवायची, आणि धुवायचं पाणी ओतून नाही, धारेने. कुकर लावला की तीन शिट्ट्यांत खिडक्यांना घाम फुटतो, म्हणून डाळ-भात मागचं दार उघडं टाकूनच. रात्री गाडी सपाट उभी नसेल तर रक्त डोक्याकडे उतरतं. त्यासाठी ह्यांनी कारखान्यातली जुनी पाणसळ आणली आहे. गाडी उभी केली की ती ओट्यावर ठेवायची, बुडबुडा कुठे सरकतो ते पाहायचं आणि खाली उतरून विरुद्ध बाजूच्या चाकाखाली लाकडी गुटके सारायचे. बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला चहा टाकायची परवानगी नसते. भांडण झालं तर आत आणि बाहेर एवढ्या दोनच जागा आहेत. त्यामुळे भांडणं आटोपशीर झाली आहेत, हा एक लाभ.

खरी अडचण चालवण्यात नाही, उभं राहण्यात आहे.

उपनगरांत गाडी हाकणाऱ्याला कोणी अडवत नाही. उलट ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला, त्यामुळे आमच्या मुलुंडच्या नाक्यावरून आता हात हलवत जाता येतं. पण हँडब्रेक ओढला, खिडकीचे पडदे सरकवले आणि आत दिवा लागला की जो तो जवळ येतो. मैत्रिणीच्या सोसायटीत वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं आणि पाहुण्यांच्या गाडीची मुदत सांगितली. मुदत संपली की पुन्हा नोंद. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ, स्वतः खाली आले. “वहिनी, तुम्ही घरी झोपायला या, काही हरकत नाही. गाडीत झोपू नका, बाकीचे सभासद विचारतात.” घरात पाहुणा राहिला तर चालतो, गाडीत राहिला तर सर्वसाधारण सभेचा विषय होतो.

एका रात्री मुलुंडमध्येच, एका बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीला लागून उभे होतो. काचेवर टकटक झाली. बीट मार्शल, दोघं, मोटरसायकलवर. त्यातला पोरसवदा हवालदार आधार कार्ड बॅटरीच्या उजेडात वाचू लागला. पत्ता वाचून थबकला. “काकू, ही बिल्डिंग तर पाडली ना? मी रोज तिथून जातो.” मी म्हटलं, हो, म्हणून तर इथे आहोत. त्याने कार्ड परत दिलं, टॉर्च आत फिरवली, ओट्यावरचा डबा, खुंटीवरची माझी साडी, ह्यांचा मफलर पाहिला आणि म्हणाला, “घरच आहे की हे.” मग दार आतून लावून घ्या, असं बजावून गेला. सरकारी कागदावर आमचा पत्ता अजूनही तोच आहे. तिथे आता पाइलिंगचं मशीन उभं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही ती पोलिसांमुळे नव्हे. आमच्यापासून थोड्याच अंतरावर, हायवेच्या कडेला, ताडपत्रीखाली एक घिसाडी कुटुंब राहत होतं. भाता, ऐरण, विळे-कोयते पाजळून देणारी बाई, दोन पोरं. त्यांनाही विचारलं असणार, पण ‘काकू’ म्हणून नव्हे. 1871 मध्ये इंग्रजांनी कायदा करून फिरस्त्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वातंत्र्यानंतर 1952 मध्ये तो रद्द झाला. वर्गात हे शिकवताना मी सन फळ्यावर लिहून पुढे जायची. कायदा फळ्यावरून पुसला जातो, नजरेतून नाही. आमच्या गाडीला पडदे आहेत, सोलर आहे, खिशात निवृत्तिवेतनाचं एटीएम आहे, म्हणून आमचं फिरणं हौस. त्यांचं फिरणं संशय. दोघांच्या चाकांमधला फरक एवढाच.

डिसेंबरात आम्ही पश्चिमेकडे निघालो. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून व्हायचाय. जुलै 2024 मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. तो होईल तेव्हा होवो, तोवर आपला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड आणि पवईची ती न संपणारी रांग. रांगेत एक सोय असते. मागे जाऊन चहा टाकता येतो. ह्यांना तो प्रकार पसंत नाही आणि नियमातही बसत नाही, म्हणून मी फक्त तशी धमकी देते.

आमच्या गाडीची उंची अडीच मीटरच्या वर आहे, आणि उपनगरांचा नकाशा उंचीच्या हिशोबाने पाहिला की तो निराळाच दिसतो. पोडियम पार्किंग बाद, मॉलचं तळघर बाद. सबवेच्या तोंडाशी आडवी लोखंडी कमान दिसली की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर. अंधेरीत पूर्व-पश्चिम ओलांडायला आम्हाला एकच भरवशाचा मार्ग, गोखले पूल. तो नोव्हेंबर 2022 मध्ये बंद झाला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये एक बाजू सुरू झाली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळेना आणि सगळी मुंबई हसली होती. आता दोन्ही जुळलेत. ह्यांनी पुलावरून जाताना आदराने मान हलवली. माणसाने आयुष्यभर शतांश मिलिमीटरचा हिशोब ठेवला की त्याला अशा गोष्टी लागतात.

अंधेरी पश्चिमेला, रात्री उशिरा, ज्या रस्त्याला वळलो तिथे आमच्यासारख्याच, किंबहुना आमच्या दुप्पट लांबीच्या गाड्या एका ओळीत उभ्या होत्या. पांढऱ्या, बिनखिडक्यांच्या, बाजूला दोन दोन, तीन तीन दारं. व्हॅनिटी व्हॅन. भारतात ही गाडी आणण्याचं श्रेय अभिनेत्री पूनम धिल्लन यांना दिलं जातं. त्याआधी नट्या कपडे बदलायला झाडाचा आडोसा नाहीतर कुणाचं घर शोधत. आज गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत शूटिंग लागलं की आधी या गाड्या येतात, मग माणसं. पण रात्री त्या कुठे जातात आणि त्यांच्यात कोण झोपतं, हे आपण कधी विचारत नाही.

ओळीतल्या शेवटच्या गाडीचा ड्रायव्हर खाली फूटपाथवर स्टोव्ह पेटवून बसला होता. माण तालुक्यातला. आमची गाडी पाहून उठला, चारी बाजूंनी फिरला, खाली वाकून टाक्या पाहिल्या आणि ह्यांना म्हणाला, “काका, सांडपाण्याची टाकी लहान हाय.” पहिल्या भेटीत एवढं अचूक निदान कुणी केलं नव्हतं. मग मला, “ताई, ही स्वदेससारखी हाय का?” 2004 च्या त्या सिनेमात शाहरुख खान कॅरॅव्हॅन घेऊन गावात येतो आणि तिच्यातच मुक्काम ठोकतो. त्यातलं गाव म्हणजे आपल्या वाईजवळची मेणवली, नाना फडणवीसांच्या वाड्याची. आमच्या ड्रायव्हरला मेणवली पाठ. “तिथं काय, घाटावर लावली का झालं. हितं लावून दाखवा म्हणावं.”

तो गेली कित्येक वर्षं व्हॅनिटीवर आहे. मागच्या खोल्यांत सोफा, आरसा, एसी, शॉवर. तो झोपतो पुढच्या केबिनमध्ये, सीटच्या मागच्या फळीवर. सोफ्यावर नाही. चावी त्याच्याकडे असते, तरीही नाही. “सकाळी कुणाचं तरी मेकअपचं सामान यायचं. आपल्या अंगाचा वास ऱ्हायला तर?” हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही, गाडीचं तेल-पाणी सांगावं तसं सांगितलं. घर? घर गावाला. बायको, आई, दोन मुली. यात्रेला जातो, शूटिंग नसेल तर.

त्याच्या स्टोव्हवरच्या पिठल्यात माझी चटणी मिसळली आणि त्याने आम्हाला उभं राहण्याचं शास्त्र शिकवलं. दिव्याखाली लावायची, झाडाखाली नाही, कावळे आणि फांद्या दोन्ही वाईट. शाळेच्या फाटकाजवळ नको, पहाटे बसा येतात. हॉस्पिटलच्या भिंतीला लावलेल्या गाडीला सहसा कोणी हटकत नाही, आत कुणाचं तरी माणूस असेल असं वाटतं. नाक रस्त्याकडे ठेवायचं, अंधारात रिव्हर्स घ्यायची वेळ येऊ नये. एकाच जागी लागोपाठ मुक्काम करायचा नाही, लोकांच्या डोळ्यांत बसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आल्याबरोबर समोरच्या टपरीवर चहा प्यायचा. “टपरीवाला वळखीचा झाला की अर्धी गल्ली वळखीची झाली.” ह्यांनी वही काढली तेव्हा तो लाजला.

या शहरात गाडीत राहणारी माणसं शोधायला परदेशात जायला नको. वाशीच्या बाजाराबाहेर कांद्याचे ट्रक घेऊन रांगेत असलेले, भिवंडीच्या गोदामांबाहेर नंबर लागायची वाट पाहणारे, सगळे केबिनमध्येच राहतात. 1 ऑक्टोबर 2025 नंतर तयार होणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. हा नियम वाचून आमच्या व्हॅनिटीवाल्या मित्राला विचारलं तर म्हणाला, “एसी द्या, नका देऊ. संडास कुठाय ते सांगा.”

दोन दिवसांनी बोरिवली. राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी गाडी ठेवून उद्यानाच्या बसने कान्हेरीला गेलो. शाळेच्या सहली घेऊन मी इथे अनेकदा आले आहे, पण तेव्हा लक्ष सगळं पोरं मोजण्यात. या खेपेला मी लेणी पाहायला नव्हे, घरं पाहायला गेले.

मोठा चैत्य, सातवाहनकाळातला, त्याच्या ओसरीतले उंच बुद्ध, तिथे सगळे थांबतात. आम्ही तिथून वर चढलो, खडकातल्या पायऱ्यांनी, जिथे लहान लेणी आहेत. शंभराहून अधिक लेणी या एका डोंगरात, आणि बरीचशी चक्क राहायची. एका लेण्यात मी आत जाऊन उभी राहिले. पुढे ओसरी, तिला कडेने दगडी बाक. मग दार, शेजारी झरोका. आत एक दालन आणि त्याच्या बाजूला खोली, खोलीत कातळातच सोडलेला ओटा, झोपायचा. दाराबाहेर पाण्याचं टाकं, खडकात खोदलेलं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात उतरावं म्हणून काढलेली पन्हळ. पन्हळीत बोट फिरवलं तर अजून गुळगुळीत. ह्यांनी उतार डोळ्यांनी मापला आणि म्हणाले, “याला पाणसळ लागली असणार.” बसायची जागा, झोपायची सोय, पाणी. नियमातल्या व्याख्येत फक्त स्वयंपाक कमी पडला. भिक्खू भिक्षेवर जगत, त्यामुळे तोही प्रश्न नव्हता.

आणि ते राहत कधी? सुरुवातीच्या काळातला नियम असा की भिक्खूने फिरत राहायचं, एका जागी रुजायचं नाही. फक्त पावसाळ्यात तीनेक महिने एका ठिकाणी मुक्काम, तो वर्षावास. आठ-नऊ महिने वाट, तीन-चार महिने छप्पर. हा आमचाच हिशोब, फक्त महिने उलटे, आणि बोरिवलीतला, दोन हजार वर्षं जुना. पुढे मुक्काम लांबत गेले, विहार वाढले, माणसं तिथेच राहू लागली. मुंबईत तसं सगळ्यांचंच होतं.

पण मला तिथे खिळवून ठेवलं ते शिलालेखांनी. ब्राह्मी मला वाचता येत नाही. त्यात काय आहे हे मात्र शिकवताना पाठ झालंय. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा व्यापारी, कुणी लेणं दिलं, कुणी टाकं दिलं, कुणी भिक्खूंच्या चीवरासाठी कायमची ठेव ठेवली, तिच्या व्याजातून कापड घ्यायचं. म्हणजे फिरणाऱ्याला थांबायला जागा असावी, ही गावात राहणाऱ्यांनी उचललेली जबाबदारी होती आणि तिची नोंद दगडावर केलेली होती. मैत्रिणीच्या सोसायटीतल्या त्या सेक्रेटरींना ही नोंद दाखवावी असं फार वाटलं. सोमवार सोडून कधीही दाखवता येईल, उद्यान सोमवारी बंद असतं.

बोरिवलीहून उत्तरेला जायचं तर घोडबंदरचा वळसा आणि तिथला वाहतुकीचा चिखल. तो टाळायला भाईंदर गाठलं. फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर ते वसई रो-रो सुरू झाली आहे. गाडी रिव्हर्समध्ये रॅम्पवर घ्यायची होती. दोन पोरं ओरडून ‘आन दे, आन दे’ करत होती, ह्यांच्या कपाळावर घाम, मी काचेतून मागे पाहत होते की माझ्या बरण्या कुठल्या बाजूला झुकतात. खाडीवरून जेमतेम पाव तास. मध्ये पाण्यावर असताना मी मागचं दार उघडून चहा टाकला. इथे धमकी द्यायची गरज नव्हती, गाडी बंदच होती. समोर वसईचा किल्ला. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. पण त्यावर लिहायला इथे जागा नाही, आणि उतरल्यावर लावायलाही नव्हती, म्हणून सरळ हायवेला लागलो.

मनोर, चारोटी, डहाणू, आणि मग समुद्राला धरून बोर्डी. महाराष्ट्र जिथे संपत येतो तिथलं गाव. सुरूची रांग, ओहोटीला लांबवर उघडी पडणारी काळपट वाळू, आणि मागे चिकूच्या वाड्या. शेजारच्या घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. ते मिरवायला लागत नाही, हातात घेतला की कळतं. एका वाडीच्या फाटकाशी चिकू घ्यायला थांबलो. वाडीवाल्या काकू सत्तरीच्या, नऊवारी नाही, गाऊनवर टॉवेल. पाट्यांतले चिकू आकाराप्रमाणे वेगळे करत होत्या, नुसत्या हाताच्या अंदाजाने. मोठा, मधला, बारका, तीन ढीग, नजर आमच्यावर. “गाडीतच झोपता? मग रस्त्यावर कशाला, आत घ्या. जांभळाखाली नको, पंपाच्या खोलीजवळ लावा, तिथे प्लग आहे.”

एवढं सोपं. परवानगी नाही, नोंदवही नाही, आधार नाही. त्यांना एकच विचारायचं होतं: गाडीत गणपती आहे का? आहे म्हटल्यावर प्रकरण मिटलं.

त्या वाडीत आम्ही रमलो. पंपाच्या खोलीतून वायर ओढली, बोअरवेलच्या नळाने टाकी भरली. सांडपाण्याचं मी आधीच ठरवलं होतं, भांड्यांना साबण नाही, रिठ्याचं पाणी, म्हणजे ते झाडांच्या आळ्यात सोडता येतं. संडासाची पेटी काकूंच्या सेप्टिक टँकमध्ये रिकामी करायची परवानगी मागताना जीभ अडखळली. त्या हसल्या. “अगं, पाहुणे घरात आले असते तर कुठे गेले असते?” सकाळी थंडीत नीरा, दुपारी वाळत घातलेल्या बोंबलांच्या वासातून समुद्रापर्यंत फेरी, संध्याकाळी लांब काठीच्या टोकाला जाळी लावून चिकू उतरवणाऱ्या वारली बायकांच्या गप्पा. त्यांच्यातल्या काहीजणी पावसाळा संपला की वीटभट्टीवर जातात, वसई-भिवंडीकडे, घरदार घेऊन, आणि पावसाआधी परत येतात. त्यांचाही हंगाम दिवाळी ते उन्हाळा. एकीने आमची गाडी आतून पाहिली, ओट्याला हात लावला आणि विचारलं, “भट्टीवर जाताना अशी मिळंल का?” ह्यांच्याकडे त्याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

निघताना पैशांवरून हुज्जत झाली. काकू घेईनात. मी म्हटलं, वीज वापरली, पाणी वापरलं. शेवटी त्यांनी चिकूच्या दोन पेट्या पूर्ण भावाने गळ्यात मारल्या आणि हिशोब संपला. आतिथ्य म्हणून हे सुंदर आहे. पण दर वर्षी, अनोळखी माणसांना, आतिथ्यावर राहता येत नाही. दोन्ही बाजूंना लाज वाटते. दर ठरलेला असला की माणूस ताठ मानेने नळ उघडतो.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिकडची आपली माणसं उन्हाळ्यात आरव्ही, म्हणजे राहायची गाडी, भाड्याने घेऊन यलोस्टोनला जातात, पोहे-थालीपिठाच्या भाजणीसकट. ती सांगते, गाड्यांच्या बऱ्याच तळांवर एक खांब असतो. खांबावर वीज, शेजारी नळ आणि जमिनीत सांडपाण्याचं तोंड. बाकी काही नसलं तरी चालतं. अ‍ॅरिझोनात क्वार्ट्‌झसाइट नावाचं वाळवंटातलं लहानसं गाव आहे. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून गाड्या घेऊन निवृत्त माणसं उतरतात आणि उन्हाळा लागला की गाव पुन्हा ओसरतं. आपल्याकडे धोरण नाही असं नाही. मार्च 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना आहे. त्याच वर्षी केरळनेही आपलं धोरण आणलं. धोरण वाचायला चांगलं आहे. मात्र ते पर्यटकासाठी लिहिलंय, दोन रात्री येऊन जाणाऱ्या. हंगामभर राहणारं म्हातारं जोडपं, व्हॅनिटीचा ड्रायव्हर, ट्रकवाला, हे त्यात कुठे बसतात ते मला सापडलं नाही. माझं मत विचाराल तर सुरुवात ट्रकवाल्यापासून करावी. त्याची सोय झाली की आमची आपोआप होईल, उलटं होणार नाही.

आमच्या नव्या इमारतीचा नकाशा मध्यंतरी आला. आम्हाला चौदावा मजला मिळणार आहे, आणि एक पार्किंग. पार्किंग यांत्रिक आहे, एकावर एक गाड्या चढवणारं. त्याच्या खणाची उंची ह्यांनी पहिल्याच पानावर शोधली. आपली गाडी त्यात जात नाही. बिल्डरच्या माणसाने सुचवलं की गाडी विकून लहान घ्या. आम्ही अजून काही ठरवलेलं नाही.

तोवर एक विनंती. किनाऱ्यावर झाईपासून रेडीपर्यंत ज्यांच्या वाडीत, हॉटेलमागे, पंपाच्या खोलीशेजारी एक कोपरा रिकामा आहे, त्यांनी तिथे एक नळ, एक पंधरा अँपिअरचा प्लग आणि एक शोषखड्डा एवढंच करावं. बाहेर पाटीवर रात्रीचा दर लिहावा आणि पावती द्यावी. अडीच मीटरच्या वरची गाडी आत येईल इतकी फाटकावरची फांदी तेवढी छाटून ठेवा.